बोलीवाचून आदिमानव आणि त्याचे प्रेक्षक

प्रागैतिहासिक माणसांच्या साहसांचे चित्रपट जवळजवळ चित्रपटकलेइतकेच जुने आहेत. त्यांतल्या एका लहानशा गटात पात्रे प्रेक्षकाला कळेल असे एकही वाक्य बोलत नाहीत. हुंकार, आरोळ्या, हातवारे आणि मुद्दाम रचलेले मूठभर शब्द एवढ्या सामग्रीवर दीड तासाची कथा उभी राहते. असे चित्रपट काढणाऱ्यांना सुरुवातीपासून एकच धास्ती होती : लोकांना गोष्ट कळेल का? म्हणून कोणी निवेदक आणला, कोणी स्वप्नाची चौकट घातली, कोणी शब्दार्थांचे पत्रक वाटले. प्रत्यक्षात गोष्ट कळण्यात प्रेक्षकांना क्वचितच अडचण आली. या चित्रपटांचे नशीब ठरले ते हशावर. प्रेक्षागृहात हशा पिकणार हे जवळपास ठरलेलेच असे. तो पडद्यावरच्या माणसांना हसणारा आहे की त्यांच्यासोबत हसणारा, यावर सारे अवलंबून राहिले. झाँ-झाक आनो या फ्रेंच दिग्दर्शकाच्या ‘ला गेर द्यु फ’ (१९८१) या चित्रपटात ही गोष्ट सर्वांत स्पष्ट दिसते. इंग्रजी जगात हा चित्रपट ‘क्वेस्ट फॉर फायर’ या नावाने ओळखला जातो. त्याच्या यशाचे मोल कळण्यासाठी त्याआधीची सत्तर वर्षे पाहावी लागतात.

मूकपटांच्या काळात हा प्रश्न उद्भवतच नव्हता. राजा असो की रानमाणूस, पडद्यावर सारेच मुके होते आणि त्यांचे म्हणणे मधल्या पाट्यांवर वाचायला मिळत होते. अमेरिकेत डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांनी बायोग्राफ कंपनीसाठी १९१२ मध्ये ‘मॅन्स जेनेसिस’ हा लघुपट काढला. एक म्हातारा मुलांना गोष्ट सांगतो आणि त्या गोष्टीतून आदिमानवाचे जग उलगडते. अंगाने दुबळा असलेला नायक काठीला दगड जोडून पहिले हत्यार बनवतो आणि आडदांड प्रतिस्पर्ध्याला हरवतो, एवढेच कथानक. त्यातल्या नायिकेच्या तोकड्या वेशात पाय उघडे दिसणार म्हणून कंपनीतल्या नावाजलेल्या अभिनेत्रींनी ती भूमिका नाकारली. ती नवख्या मे मार्शकडे गेली आणि तिथून तिची कारकीर्द वर आली. आदिमानवाच्या चित्रपटांत अंगप्रदर्शनाचा मुद्दा पुढे शंभर वर्षे डोके वर काढत राहिला. त्याची सुरुवात अशी अगदी पहिल्या पावलापाशीच झालेली आहे.

ग्रिफिथ यांनी १९१४ मध्ये याच विषयावर ‘ब्रूट फोर्स’ काढला. त्याच वर्षी चार्ली चॅप्लिनचा ‘हिज प्रीहिस्टॉरिक पास्ट’ आला. त्यात बाकावर झोपलेल्या भटक्याला आदिम काळाचे स्वप्न पडते. १९२३ मध्ये बस्टर कीटनने ‘थ्री एजेस’मध्ये अश्मयुग, रोम आणि आधुनिक काळ अशा तीन प्रेमकथा एकत्र गुंफल्या. म्हाताऱ्याची गोष्ट काय किंवा बाकावरचे स्वप्न काय, दोन्हींत प्रेक्षकाला आजच्या काळातून हात धरून मागे नेले जाते. दुसरी गोष्ट अशी की विनोदकार या विषयाकडे गंभीर दिग्दर्शकांच्या पाठोपाठ, दोनच वर्षांत आले. कातडी पांघरून सोटा घेतलेला माणूस हे हसण्याचे चित्र म्हणून लोकांच्या मनात तेव्हापासून रुजले.

बोलपट आल्यावर पेच खरा झाला. आदिमानवाच्या तोंडी स्वच्छ इंग्रजी घातले तर ते खोटे वाटणार. काहीच घातले नाही तर नुकत्याच बोलू लागलेल्या पडद्यावर ती उणीव वाटणार. लॉरेल आणि हार्डी यांच्या विनोदी चित्रपटांसाठी प्रसिद्ध असलेले निर्माते हॅल रोच यांनी १९४० मध्ये ‘वन मिलियन बी.सी.’ काढला आणि मधला मार्ग धरला. वादळात अडकलेली काही माणसे एका गुहेत आसरा घेतात. तिथे भिंतीवरच्या आदिम चित्रांचा अभ्यास करणारा एक विद्वान त्यांना त्या चित्रांतली कथा उलगडून सांगतो. मग खडक-टोळीतला तुमाक आणि शिंपला-टोळीतली लोआना यांची गोष्ट सुरू होते. ती हातवारे आणि मोजके निरर्थक शब्द यांवर चालते. व्हिक्टर मॅच्युअर, कॅरोल लँडिस आणि धाकटे लॉन चेनी यांनी त्यात काम केले होते. संगीत आणि विशेष दृश्ये या दोन विभागांत चित्रपटाला ऑस्करची नामांकने मिळाली. सरडे आणि इतर जिवंत प्राणी यांना शिंगे-पंख चिकटवून त्यांना राक्षसी प्राणी बनवले होते. त्या दृश्यांचे तुकडे पुढे कित्येक वर्षे दुसऱ्या स्वस्त चित्रपटांत वापरले गेले. लोकांच्या लक्षात राहिले ते हे प्राणी. माणसे काय बोलत होती याची चौकशी कोणी केली नाही.

या चित्रपटाची नवी आवृत्ती ब्रिटनमधल्या हॅमर कंपनीने काढली. डॉन चॅफी दिग्दर्शित ‘वन मिलियन इयर्स बी.सी.’ डिसेंबर १९६६ च्या अखेरीस लंडनमध्ये प्रदर्शित झाला. चित्रण कॅनरी बेटांपैकी लान्झारोते आणि तेनेरिफे इथल्या ज्वालामुखीच्या काळ्या भूमीवर झाले होते. गुहेतला विद्वान यावेळी वगळला. सुरुवातीला थोडे निवेदन, मग फक्त हाका, आरोळ्या आणि रचलेले शब्द. लोआनाच्या भूमिकेतल्या रॅकेल वेल्चच्या वाट्याला तीनच वाक्ये आली होती, तीही निरर्थक. तरीही या एका चित्रपटाने ती जगप्रसिद्ध झाली. कातड्याच्या तोकड्या वेशातले तिचे छायाचित्र जाहिरातीच्या भित्तिपत्रकावर छापले गेले आणि ते चित्रपटाहून अधिक लोकांपर्यंत पोहोचले. १९९४ च्या ‘द शॉशँक रिडेम्प्शन’मध्ये कैदी कोठडीच्या भिंतीतले भोक शेवटी ज्या भित्तिपत्रकाने झाकतो, ते हेच. वेल्चने पुढे मुलाखतींत सांगितले आहे की एका दृश्याबद्दल मी काही विचार केला आहे, असे ती दिग्दर्शकाला म्हणाली, तेव्हा त्याने विचार करू नकोस, या खडकापासून त्या खडकापर्यंत धाव, असे उत्तर दिले. नटीकडून निर्मात्यांची अपेक्षा एवढीच होती, आणि शब्द काढून घेतल्यावर स्त्रीपात्राचे काय होऊ शकते याचे हे उदाहरण आहे. बोलीबरोबर तिचे मनही गेले आणि देह तेवढा उरला.

प्रेक्षकांना या चित्रपटाने जे दुसरे आकर्षण दिले ते रे हॅरीहाउझेन यांचे होते. लहान आकृत्या किंचित किंचित हलवून एकेक चौकट टिपण्याच्या पद्धतीने त्यांनी डायनोसॉर जिवंत केले. सुरुवातीच्या एका दृश्यात मात्र त्यांनी खरी इग्वाना मोठी करून दाखवली. आधी खरा प्राणी दिसला की पुढचे बनवलेले प्राणीही लोक खरे मानतील, असा त्यांचा हिशेब होता. या चित्रपटावर वैज्ञानिकांचा पहिला आक्षेप उघड होता. डायनोसॉर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी नष्ट झाले आणि आजच्या जातीचा माणूस जेमतेम तीन लाख वर्षांचा आहे. दोघांची गाठ पडणे अशक्य. हॅरीहाउझेन यांचे यावरचे उत्तर असे होते की हे चित्रपट प्राध्यापकांसाठी नाहीत, ते बहुधा असले चित्रपट पाहायला जातच नाहीत. सामान्य प्रेक्षकाला ही चूक खटकली नाही. चित्रपट हॅमरच्या सर्वांत यशस्वी चित्रपटांपैकी एक ठरला आणि कंपनीने त्याच वाटेने ‘व्हेन डायनोसॉर्स रूल्ड द अर्थ’ (१९७०) आणि ‘क्रीचर्स द वर्ल्ड फरगॉट’ (१९७१) हे चित्रपट काढले. त्यांतल्या आधीच्या चित्रपटात पात्रे रचलेल्या मोजक्या शब्दांत बोलतात, नंतरच्यात जवळपास हुंकार आणि हातवारे यांवरच भागते. तिसऱ्यात डायनोसॉर नाहीत, आणि तो तिघांत सर्वांत कमी आठवला जातो. निव्वळ माणसांच्या जोरावर प्रेक्षकाला धरून ठेवण्याचा मार्ग हॅमरला सापडला नव्हता.

तो मार्ग दाखवला तो स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ने (१९६८). हा चित्रपट अंतराळाचा म्हणून ओळखला जातो. परंतु त्याचा पहिला भाग आफ्रिकेच्या कोरड्या माळावर उपाशी फिरणाऱ्या वानरमानवांचा आहे. पहिला बोललेला शब्द ऐकू येईपर्यंत सुमारे पंचवीस मिनिटे जातात. आरंभी कुब्रिक यांचाही धीर होत नव्हता. शास्त्रज्ञांच्या मुलाखतींची एक प्रस्तावना त्यांनी चित्रित करून घेतली होती, निवेदनही लिहून घेतले होते. शेवटी त्यांनी दोन्ही काढून टाकले. एप्रिल १९६८ मधल्या पहिल्या खेळांना बसलेल्या प्रौढ निमंत्रितांनी त्याची शिक्षा दिली : न्यूयॉर्कच्या खेळातून दोनशेहून अधिक माणसे उठून गेल्याचे सांगितले जाते. कुब्रिक यांनी त्यानंतर सुमारे एकोणीस मिनिटांचा भाग कापला, पण आदिमानवाचा मूक भाग ठेवला. तरुण प्रेक्षकांनी चित्रपट उचलून धरला आणि तो दीर्घकाळ चालला. वानरमानवांची रंगभूषा स्टुअर्ट फ्रीबॉर्न यांची होती. त्यांच्या म्होरक्याची भूमिका डॅन रिक्टर या मूकाभिनेत्याने केली होती आणि त्यासाठी त्याने वानरांच्या हालचालींचा बारकाईने अभ्यास केला होता. त्या वर्षीचे रंगभूषेचे विशेष ऑस्कर मात्र ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ला गेले. परीक्षकांना कुब्रिकची माकडे खरीच वाटली असावीत, असे सहलेखक आर्थर सी. क्लार्क म्हणत. या भागाला लोक हसले नाहीत. मुखवट्यामागे विचार करणारे डोळे दिसले की हसू थांबते, हे इथे प्रथम सिद्ध झाले.

असे असूनही १९८१ साल उजाडले तेव्हा आदिमानव हा विनोदाचाच विषय होता. ‘द फ्लिन्टस्टोन्स’ या व्यंगचित्रमालिकेने १९६० पासून अमेरिकेतल्या एका पिढीला अश्मयुग म्हणजे कातडी नेसलेले शेजारीपाजारी, असे शिकवले होते. १९८१ च्या एप्रिलमध्ये कार्ल गॉटलीब यांचा ‘केव्हमन’ आला. बीटल्सचा ढोलवादक रिंगो स्टार त्यात नायक होता. पात्रे रचलेल्या थोड्याशा शब्दांतच बोलतात. काही चित्रपटगृहांत तिकिटाबरोबर या शब्दांच्या अर्थांचे पत्रक वाटले गेले. चित्रपटातल्या एकाच पात्राला आधुनिक इंग्रजी येते, आणि त्याचे बोलणे इतर कोणालाच कळत नाही. म्हणजे प्रेक्षकाची भाषाच तिथे अगम्य ठरते. ही कल्पना मोठी सुंदर आहे. दोन महिन्यांनी मेल ब्रूक्स यांचा ‘हिस्टरी ऑफ द वर्ल्ड, पार्ट वन’ आला. त्याची सुरुवातच कुब्रिकच्या वानरमानवांच्या विडंबनाने होते. एकाच वर्षात दोन चित्रपटांनी अश्मयुगावर यथेच्छ हसवून घेतल्यानंतर, डिसेंबरमध्ये आनोचा गंभीर चित्रपट प्रेक्षकांपुढे यायचा होता.

‘ला गेर द्यु फ’चा आधार जे.-एच. रोनी थोरले या टोपणनावाने लिहिणाऱ्या, ब्रुसेल्समध्ये जन्मलेल्या लेखकाची कादंबरी आहे. ती १९११ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि फ्रेंच वाचकांच्या अनेक पिढ्यांनी लहानपणी वाचली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तिच्यावर एक मूकपटही निघाला होता. कादंबरीतली माणसे बोलतात, तीही भारदस्त भाषेत. आनो आणि पटकथाकार जेरार ब्राश यांनी ते सारे बोलणे काढून टाकले. आनो जाहिरातपटांतून आला होता. त्याच्या पहिल्या चित्रपटाला परभाषिक चित्रपटाचे ऑस्करही मिळाले होते. तरी न कळणाऱ्या भाषेतल्या चित्रपटासाठी पैसा उभा करणे सोपे नव्हते. अखेर फ्रान्स आणि कॅनडा यांच्या संयुक्त निर्मितीतून, अमेरिकन कंपनीच्या साहाय्याने तो उभा राहिला. १९८० मधल्या अमेरिकन नटांच्या संपाने काम रखडले आणि आइसलँडमध्ये चित्रण करण्याचा बेत सोडावा लागला. स्कॉटलंड, केनिया आणि कॅनडा इथे चित्रण झाले. मॅमथ म्हणून केसाळ आवरणे घातलेले सर्कशीतले हत्ती उभे केले, तर सुळेदार वाघांच्या जागी खोटे सुळे लावलेले सिंह.

भाषेचे काम दोन नामवंतांकडे सोपवले होते. ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’साठी तरुणांची स्वतंत्र बोली घडवणारे अँथनी बर्जेस यांनी नायकाच्या उलाम टोळीची भाषा रचली. ‘द नेकेड एप’चे लेखक, प्राणिशास्त्रज्ञ डेस्मंड मॉरिस यांनी हातवारे आणि देहबोली ठरवली. बर्जेस यांनी अनेक शब्द इंडो-युरोपीय धातूंवरून घेतले. हे भाषाकुल काही हजार वर्षांपलीकडे मागे नेता येत नाही आणि कथा ८०,००० वर्षांपूर्वीची आहे. त्यामुळे शास्त्राच्या कसोटीवर ही भाषा उतरत नाही. पण तिचा उपयोग वेगळा होता. नटांना बोलताना खरेच काहीतरी म्हणायचे होते, आणि ते कानाला जाणवते. निरर्थक आवाज काढणारा नट आणि अर्थ मनात धरून अनोळखी शब्द उच्चारणारा नट यांतला फरक प्रेक्षक लगेच ओळखतो. हॅमरच्या चित्रपटांत नेमके हेच राहून गेले होते.

कथा साधी आहे. उलामांना अग्नी जपता येतो, पेटवता येत नाही. वानरसदृश वागाबूंच्या हल्ल्यात तो दलदलीत विझतो. नाओ, अमूकार आणि गॉ हे तिघे नवा अग्नी आणायला निघतात. वाटेत नरभक्षक क्झाम टोळीशी गाठ पडते. त्यांच्या कैदेतून सुटलेली इका या तिघांच्या मागे येते. ती अधिक प्रगत अशा इवाका टोळीची. तिच्या वस्तीत नाओ लाकडावर लाकूड घुसळून अग्नी उत्पन्न होताना पाहतो. चित्रपटाच्या आरंभी काळ आणि परिस्थिती सांगणारा थोडा मजकूर आहे; त्यानंतर प्रेक्षकाला आधाराला काहीच नाही. निवेदक नाही, तळाशी भाषांतर नाही.

पहिल्या काही मिनिटांत प्रेक्षागृहे हसत. शिकागोचे समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी आपल्या परीक्षणात हे मोकळेपणाने नोंदवले आहे : चित्रपटाकडे दोन प्रकारे पाहता येते, माणूसपण घडण्याची हृद्य कथा म्हणून किंवा कातडी पांघरून उड्या मारणाऱ्या नटांचा हास्यास्पद खेळ म्हणून, आणि आरंभी आपण दुसऱ्याच प्रकारे पाहत होतो, पुढे केव्हातरी आपल्याला या माणसांची काळजी वाटू लागली. हे वळण त्या काळच्या अनेक प्रेक्षकांना आले असावे. चित्रपटाच्या रचनेतच त्याची तजवीज आहे. सिंहांच्या भयाने तिघे एका लहानशा झाडावर चढून बसतात आणि भुकेने त्या झाडाची पाने ओरबाडून खात राहतात. हा प्रसंग उघडपणे विनोदी आहे. आनो प्रेक्षकाच्या हसण्याला अडवत नाही, त्याला जागा देतो. पाठोपाठ नाओ गवताची पेंडी पुढे करून मॅमथपुढे वाकून जातो, आणि तेच प्रेक्षक श्वास रोखतात.

मग येतो तो प्रसंग ज्यावर हा चित्रपट उभा आहे. अमूकारच्या डोक्यावर वरून एक लहान दगड पडतो. इका खदखदून हसते. तिघे पुरुष चकित होऊन तिच्याकडे पाहत राहतात, कारण हसणे हा प्रकारच त्यांना माहीत नाही. पुढे केव्हातरी अमूकार मुद्दाम गॉच्या डोक्यावर दगड टाकतो आणि यावेळी सगळेच हसतात. सुरुवातीला त्यांना हसणारा प्रेक्षक आता त्यांच्याबरोबर हसत असतो. दोन प्रसंगांत मिळून एक शब्दही उच्चारला जात नाही, आणि एखाद्या टोळीला हसण्याची देणगी मिळाल्याचे प्रत्येकाला समजते. आधीच्या सत्तर वर्षांत आदिमानवाच्या चित्रपटाला जे साधले नव्हते ते इथे साधले, आणि ते रंगभूषेने किंवा राक्षसी प्राण्यांनी नव्हे, तर प्रेक्षकाच्याच प्रतिक्रियेला कथेचा विषय केल्याने साधले.

फ्रान्समध्ये १६ डिसेंबर १९८१ रोजी चित्रपट प्रदर्शित झाला आणि तिथे त्याची सुमारे ५० लाख तिकिटे विकली गेली. सर्वोत्तम चित्रपट आणि सर्वोत्तम दिग्दर्शन ही सेझार पारितोषिके त्याला मिळाली. अमेरिकेत तो फेब्रुवारी १९८२ मध्ये आला आणि तिथे दोन कोटी डॉलरच्या आसपास कमाई झाली. सारा मोंझानी आणि मिशेल बर्क यांना रंगभूषेचे ऑस्कर मिळाले, इका साकारणाऱ्या रे डॉन चाँगला कॅनडाचे सर्वोत्तम अभिनेत्रीचे जिनी पारितोषिक. रॉन पर्लमन या नटाची ही पहिलीच चित्रपट-भूमिका होती. एका देशातून दुसऱ्या देशात जाताना चित्रपटाला दुसरा आवाज देण्याची गरज पडली नाही. आरंभीचा मजकूर तेवढा भाषांतरित केला की पुरे. बोलपट आल्यापासून प्रेक्षकांची भाषावार वाटणी झाली होती, ती या चित्रपटापुरती पुसली गेली.

सगळ्या प्रतिक्रिया अनुकूल नव्हत्या. नग्नता आणि हिंसा यांमुळे अमेरिकेत मुलांना मोठ्यांच्या सोबतीशिवाय प्रवेश नव्हता. स्त्रियांवरच्या बळजबरीची दृश्ये अनेकांना असह्य वाटली. नाओ आणि इका यांच्या संबंधांतून पुरुषाला कोमलता शिकवण्याची कल्पना त्यांना पुरेशी भरपाई वाटली नाही, आणि हा आक्षेप आजही टिकणारा आहे. पुरातत्त्वज्ञांनी वेगळ्या चुका दाखवल्या. वानरसदृश वागाबू, निअँडरथलसारखे उलाम आणि आजच्या माणसासारखे इवाका असे उत्क्रांतीचे वेगवेगळे टप्पे एकाच परिसरात नांदताना दाखवले आहेत. ८०,००० वर्षांपूर्वीच्या माणसांना अग्नी पेटवता येत नव्हता आणि हसता येत नव्हते, हेही कोणी सिद्ध केलेले नाही. हसण्यासारखे आवाज तर चिंपांझीही खेळताना काढतात.

पुढच्या संशोधनाने काही आक्षेप अधिक धारदार केले. इस्राएलमधल्या केबारा गुहेत १९८३ मध्ये एका निअँडरथलचा सांगाडा सापडला. त्याच्या गळ्यातले कंठास्थी हे हाड आजच्या माणसाच्या हाडासारखेच निघाले. निअँडरथलांना बोलता येत असावे या मताला त्याने बळ दिले. याउलट एका बाबतीत चित्रपटाची कल्पना खरी ठरली. शेवटी इकाच्या पोटात नाओचे मूल वाढत असते. दोन मानवजातींच्या या मीलनाला १९८१ मध्ये पुरावा नव्हता. स्वांते पाबो यांच्या गटाने २०१० मध्ये निअँडरथलांचा जनुकसंच वाचून दाखवला आणि आफ्रिकेबाहेरच्या आजच्या माणसांत त्यांचा अंश असल्याचे सिद्ध केले.

सर्वांत विचार करायला लावणारी प्रतिक्रिया उत्तर कॅनडातल्या मूळ रहिवाशांची होती. इवाकांची बोली घडवताना तिथल्या क्री आणि इन्युइट भाषांचा बराच आधार घेतला होता. पॅरिसच्या प्रेक्षकाला ते आदिम, अगम्य ध्वनी होते. त्या भाषा बोलणाऱ्यांना शब्द कळत होते, आणि त्या शब्दांचा पडद्यावरच्या प्रसंगांशी काही संबंध नव्हता. त्यांना हसू आले. हे हसू चित्रपटाने योजलेले नव्हते. जिवंत माणसांची भाषा ८०,००० वर्षांपूर्वीच्या माणसांच्या तोंडी घालताना, ती समजणारा माणूसही तिकीट काढून आत येईल, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. या चित्रपटातली शास्त्रीय चूक माफ करता येते. ही चूक अधिक गंभीर आहे.

चित्रपटाच्या यशाने एक मोठी लाट येईल असे वाटले होते, ती आली नाही. जीन ऑएल यांच्या लोकप्रिय कादंबरीवरचा ‘द क्लॅन ऑफ द केव्ह बेअर’ (१९८६) खुणांच्या भाषेत होता, पण त्याला तळाशी भाषांतर आणि जोडीला निवेदन दिले होते. समजावून सांगण्याचा हा भार चित्रपटाला सोसला नाही आणि तो सपशेल पडला. आनोने स्वतः शब्दांवाचून कथा सांगण्याची वाट पुढे नेली ती ‘लूर्स’ (१९८८) या अस्वलाच्या पिलाच्या चित्रपटात. त्यात माणसे आहेत, पण बोलतात अगदी थोडे. फ्रान्समध्ये त्याची ९० लाखांहून अधिक तिकिटे विकली गेली. २००८ मध्ये रोलंड एमरिक यांच्या ‘१०,००० बी.सी.’मधले नायक सरळ इंग्रजी बोलले. समीक्षकांनी झोडपले तरी चित्रपटाने मोठी कमाई केली. ‘अल्फा’ (२०१८) या लांडगा आणि माणूस यांच्या मैत्रीच्या चित्रपटासाठी क्रिस्टीन श्रायर या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी पूर्ण व्याकरण असलेली भाषा तयार केली; प्रेक्षकांनी ती भाषांतराच्या आधारे वाचली. स्कॉटलंडमध्ये चित्रित झालेल्या ‘द ओरिजिन’ची (२०२२) रीतही हीच.

आनोच्या वाटेवर खऱ्या अर्थाने राहिला तो फेलिक्स रांडाऊ यांचा जर्मन चित्रपट ‘डेअर मान आउस डेम आइस’ (२०१७). आल्प्समधल्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाची, म्हणजे ओट्झीची ती कल्पित कथा. पात्रे रेटियन या लुप्त भाषेच्या जुन्या रूपात बोलतात, आणि कथा समजण्यासाठी भाषांतराची गरज नाही, एवढी सूचना आरंभी देऊन चित्रपट सुरू होतो. दूरचित्रवाणीवर गेंडी टार्टाकोव्स्की यांच्या ‘प्रायमल’ने (२०१९) एक आदिमानव आणि एक डायनोसॉर यांची सोबत जवळपास शब्दांवाचून रंगवली आणि एमी पारितोषिके मिळवली; माणूस आणि डायनोसॉर एकत्र असल्याची जुनी तक्रार आता कोणी गांभीर्याने केली नाही.

या सगळ्यांत प्रेक्षकांवर संपूर्ण विश्वास टाकून सर्वांत मोठा प्रेक्षकवर्ग मिळवणारा आदिमानवाचा चित्रपट अजूनही ‘ला गेर द्यु फ’ हाच आहे. तो पाहताना मराठी प्रेक्षक फ्रेंच किंवा इंग्रजी प्रेक्षकापेक्षा एका शब्दानेही मागे राहत नाही.